बोवेडा ६२ टक्केवाली पुडी, तीन हंगाम वापरून झाल्यावर

५ पैकी ४ स्टार. ही पुडी वाळलेल्या गांजाच्या बरणीत टाकतात, आतला दमटपणा ६२ टक्क्यांवर राहावा म्हणून. एक स्टार एवढ्यासाठी कापला की ही पुडी नसती तरी माझा तिसऱ्या वर्षीचा माल चांगलाच झाला असता, आणि पहिल्या दोन वर्षी ती असूनही वाटोळं झालंच. दोष पुडीचा नाही, माझाच होता, तेच जरा सविस्तर लिहितोय कारण इथे बरेच जण अजून "पुडी टाकली की झालं" अशा भ्रमात दिसतात.

आधी हे क्लिअर करतो की मी कॅनडात राहतो, ऑन्टॅरिओत, हॅमिल्टनला. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी गांजाची ४ झाडं लावता येतात, घरटी म्हणजे घराला ४ हां, माणशी नाही, आमच्या ओळखीतल्या एकाने नवरा बायको सासू असा हिशोब करून १२ लावायचा प्लॅन केला होता. क्वेबेकवाल्यांनी नाद करू नये, तिथली घरी झाडं लावण्यावरची बंदी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवलीय. आणि गावाकडून कुणी वाचत असाल तर एनडीपीएस म्हणजे भारतातला अमली पदार्थांचा कायदा काय चीज आहे ते वकिलाला विचारा, गच्चीवर प्रयोग करू नका राव.

मी मूळचा तासगावचा. आमच्या मामाचं बेदाण्याचं शेड आहे, त्यामुळे वाळवण म्हटलं की मला वाटायचं आपल्याला कोण शिकवणार, लहानपणी सुट्टीत तेच तर केलंय. द्राक्ष डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवायची, जाळीच्या रॅकवर पसरायची, वर छप्पर, बाजूने हिरवी शेडनेट, ऊन अजिबात नाही फक्त वारा, आणि १२-१५ दिवसांनी बेदाणा. ४ किलो द्राक्षाला साधारण १ किलो. गंमत म्हणजे गांजाच्या ओल्या फुलांचा हिशोबही जवळपास तसाच निघतो, ताज्या फुलात पाऊण हिस्सा किंवा थोडं जास्तच पाणी असतं आणि नीट वाळल्यावर १०-१२ टक्के उरतं. एवढं सारखं असूनही मी पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो.

पहिलं वर्ष. शेजारच्या म्हातारबुवांनी जूनमध्ये दोन रोपं दिली, टोमॅटोच्या शेजारी लावली, माणसापेक्षा उंच झाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कापली आणि गॅरेजमध्ये दोरीला उलटी टांगली. आता त्या आठवड्यात इथे पाऊस, धुकं, गॅरेजचं दार अर्धं उघडं, आणि हवेत किती दमटपणा आहे ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, मी आपला मामासारखा हात लावून बघायचो. नवव्या दिवशी बाहेरून पानं कुरकुरीत लागली म्हणून सगळं काचेच्या बरण्यांत भरलं, प्रत्येक बरणीत एक पुडी टाकली, झाकणं घट्ट लावली आणि गेलो कामाला. पाच दिवसांनी झाकण उघडलं तर गोठ्यातल्या मुताचा वास. शब्दशः तोच, अमोनियाचा. पुडी फुगून पाण्याच्या पिशवीसारखी झालेली. एक जाडजूड फूल, वरून एकदम देखणं, बोटाने फोडलं तर आत देठाशी तपकिरी चिखल आणि त्यावर राखाडी लव. बॉट्रायटिस. द्राक्षावर, स्ट्रॉबेरीवर येते तीच राखाडी बुरशी. सगळं टाकलं, एक पाकळीसुद्धा ठेवली नाही, आणि प्लीज तुम्हीही ठेवू नका, बुरशी आलेला भाग कापून बाकीचं वापरतो असं म्हणणारे लोक मी पाहिलेत, ती ओढायची वस्तू आहे, भाकरीचा कोपरा नाही.

दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेलो. बुरशीची एवढी धास्ती बसली होती की सगळं घरातल्या वरच्या खोलीत टांगलं, नोव्हेंबर लागलेला, घर तापवायची फर्नेस चालू, वर टेबलफॅन थेट तोंडावर. ज्यांनी इथला हिवाळा काढलाय त्यांना माहितीय घरातली हवा कशी होते ते, ओठ फुटतात, दार उघडताना करंट बसतो, दमटपणा ३० टक्क्यांच्या आत. तीन दिवसांत कडकडीत वाळलं. मी खुश. बरणीत भरलं, वास घेतला तर कडबा! अगदी उन्हात वाळलेल्या वैरणीच्या गंजीत डोकं घातल्यासारखं. वास ज्या तेलांमुळे येतो त्यातली हलकी तेलं आधी उडून जातात, आणि फूल इतक्या झटकन कोरडं पडलं की आतला हिरवटपणा मोडायला जो वेळ लागतो तो मिळतच नाही, मग तो कच्चा हिरवा वास आत अडकून बसतो. मी म्हटलं पुडी आहे ना, दोन-दोन टाकल्या. आणि पुडीने तिचं काम केलं बरं का, आठवड्याभरात फुलं मऊ झाली, चुरा व्हायची थांबली. पण गेलेला वास काय परत येणारय? मऊ कडबा झाला फक्त.

इथे पुडी नक्की करते काय ते सांगतो. आत मिठाचं पाणी असतं आणि वरचा कागद असा की पाण्याची वाफ आत-बाहेर जाते पण पाणी गळत नाही. मिठाच्या दाट पाण्याचा एक गुण असतो, बंद डब्यात ते हवेतला दमटपणा एका ठराविक आकड्यावर आणून ठेवतं, जास्त झाला तर शोषून घेतं, कमी झाला तर सोडतं. प्रत्येक मिठाचा आकडा वेगळा. म्हणून ५८ वाली वेगळी मिळते, ६२ वाली वेगळी. ८ नंबरची पुडी १ औंसाला म्हणजे २८-३० ग्रॅमला पुरते, ४ नंबरची त्याच्या निम्म्याला, आणि ६७ नंबर ही मोठी, एका पौंडापर्यंत. हात लावून मऊ लागतेय तोवर चालू, आतून कडक खडे लागायला लागले की संपली. थोडक्यात ही राखणदार आहे, आचारी नाही. ओला माल हिच्या भरवशावर ठेवलात तर एवढीशी पुडी किती पाणी पिणार बिचारी.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या हंगामात, मी पुडीच्या आधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजायचे मीटर, घेतले. छोटे, काडेपेटीएवढे, तीन एकत्र पॅकमध्ये. कुठल्या कंपनीचे ते सांगत नाही कारण तिन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर तीन वेगवेगळे आकडे. हसू नका, बहुतेक स्वस्त मीटरची हीच गत असते. पण ह्याला घरगुती इलाज आहे आणि माझ्या मते हा रिव्ह्यू सोडून द्या पण एवढं करा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी टाका, विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते झाकण आणि मीटर दोन्ही एका झिपच्या पिशवीत ठेवून पिशवी बंद करा, मीटरला पाणी लागू देऊ नका, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी आकडा ७५ पाहिजे. माझ्या एकाचा आला ६९, एकाचा ७४, तिसऱ्याचा ८१. मागे मार्करने लिहून टाकलं, अधिक ६, अधिक १, उणे ६. पहिल्या वर्षी माझ्याकडे तो ६९ वाला असता तर बरणीत ६८ टक्के असताना त्याने मला ६२ दाखवलं असतं आणि मी निवांत झोपलो असतो.

वाळवायला ह्यावेळी तळघर निवडलं. इथले लोक ६०-६० म्हणतात, म्हणजे ६० फॅरनहाइट आणि ६० टक्के दमटपणा, आपल्या भाषेत साधारण साडेपंधरा-सोळा डिग्री. माझं तळघर १७ वर राहतं, चालून जातं. अंधार हवा, पंखा हवा पण तो भिंतीकडे तोंड करून, फुलांवर थेट नाही, नुसती हवा हलती राहिली पाहिजे, शेडनेटच्या आत असते ना तशी. पाऊस पडला की आकडा ६६-६७ ला जायचा तेव्हा डीह्युमिडिफायर, म्हणजे दमटपणा ओढून घेणारं मशीन, एरवी काही नाही. फांद्या अख्ख्या टांगल्या, मोठी पानं काढून, बारीक छाटणी वाळल्यावर केली. ओल्यात छाटली तर लवकर वाळतं, दमट घर असेल तर तेच करा, पण माझ्याकडे घाई नव्हती. छाटताना कात्रीला जो राळेचा चिकटा बसतो त्याला फणसाचाच उपाय, हाताला आणि पात्याला खोबरेल.

एक ऑनलाईन घेतलेलं सहा मजली जाळीचं रॅकही होतं, गोल, कंदिलासारखं लटकणारं. बेदाण्याच्या आठवणीने घेतलं आणि पस्तावलो. दुसऱ्या दिवशी चेन तुटली आणि जाळीला टेकलेली बाजू चपटी झाली. बारक्या फुलांना ठीक आहे, मोठ्यांना नको, फांदीच टांगा.

सहाव्या दिवशी मामाचा व्हिडिओ कॉल आला आणि मी नेमका तळघरात. मागे टांगलेलं बघून म्हणतो, "काय रे वाळवायला लावलंयस?" म्हटलं मामा इथला औषधी पाला आहे. मामा दोन मिनिटं नुसता बघत होता. मग म्हणाला, "मला शिकवतोस व्हय. ते ऱ्हाऊ दे, काडी मोडून बघितलीस का?" आणि खरंच तीच परीक्षा आहे हो! बारीक काडी वाकवायची, नुसती वाकली तर अजून ओली, कट्ट आवाज करून मोडली तर झालं. मोठं देठ जरा लवचिक राहिलं तरी चालतं. माझी काडी अकराव्या दिवशी मोडली.

मग बरण्या, तीन-चतुर्थांशपेक्षा कमीच भरलेल्या, आणि प्रत्येकीत मीटर. पुडी नाही! झाकण लावून एक दिवस थांबायचं कारण देठातलं उरलेलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, बाहेरून कोरडं लागणारं फूल बरणीत गेल्यावर परत सादळतं ते ह्यामुळेच. दुसऱ्या दिवशी एका बरणीत ७१. ती सगळी परत कागदावर पसरली, अर्धा दिवस. दुसरीत ६६, तिचं झाकण तीन-चार तास उघडं ठेवलं. बाकी दोन ६३ वर, त्यांना रोज १०-१५ मिनिटं हवा दाखवायची आणि बंद. पहिला आठवडा रोज, नंतर दोन-तीन दिवसाआड. ६५ च्या वर बंद ठेवायचं नाही, बुरशीला तेवढं पुरतं. ५५ च्या खाली गेलं तर मुरणं जवळपास थांबतं. मुरणं हाच शब्द मला बरोबर वाटतो, इथले क्युरिंग म्हणतात, आपल्याकडे लोणचं मुरतं, तंबाखू मुरते, तसंच. दहाव्या दिवसापर्यंत हिरवट वास होता आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी झाकण उघडलं तर लिंबाची साल आणि मिरी. बायकोला वर हाक मारून बोलावलं, तिने वास घेतला आणि म्हणाली कोकम सरबतात टाकतात तसलं काहीतरी वाटतंय, म्हणजे काय ते तिलाच माहीत, पण कडबा तरी म्हणाली नाही.

आकडा आठवडाभर ६१-६२ वर न हलता राहिला तेव्हा कुठे पुड्या टाकल्या. आणि इथे मात्र पैसे वसूल. जानेवारीत घर वाळवंट झालेलं, बरणी दर आठवड्याला उघडायची, तरी मार्चपर्यंत मीटर ६१-६२ सोडून हललं नाही. पुडी नसती तर प्रत्येक उघडझापीला एक-दोन टक्के गेले असते. काही जण म्हणतात पुडीमुळे वास कमी होतो, मला एक बरणी पुडी न टाकता ठेवून काही फरक कळला नाही, पण ती बरणी मी फारशी उघडतच नव्हतो त्यामुळे हा काही पुरावा नव्हे.

५८ घ्यावी की ६२ विचाराल तर मी पुढच्या वेळी ५८ घेऊन बघणार. ६२ वर फूल जरा जास्त लुसलुशीत राहतं, काहींना आवडतं, मला कुस्करताना हाताला चिकटतं.

बरण्या कुलूपवाल्या पेटीत ठेवा, घरात पोरं असतील तर त्याला पर्याय नाही. अंधारही मिळतो, उजेडाने माल लवकर उतरतो. बाहेर नेताना ३० ग्रॅमची मर्यादा आहे, आणि विमानाने गावाला जाताना बॅगेत यातलं काही राहिलं नाही ना ते दोनदा बघा, रिकामी डबी असली तरी धुऊन.

आणि एक. जुनी पुडी ड्रॉवरमध्ये पडली होती, आमच्या हिला वाटलं बुटाच्या खोक्यात येते तसली पाणी शोषणारी आहे, तिने दिवाळीत चकलीच्या डब्यात टाकली. ६२ टक्के दमट हवेत चकलीचं काय होतं ते सांगायला नको, चार दिवसांत सगळ्या सादळल्या, परत ओव्हनमध्ये घालून कशाबशा पाहुण्यांना दिल्या. पुडीवर ६२ लिहिलेलं असतं ते डब्यात किती ओल ठेवणार त्याचा आकडा आहे, फराळापासून लांब ठेवा.