चरबी मोजणारा वजनकाटा: काही महिन्यांच्या वापरानंतर

चरबीची टक्केवारी दाखवणारा घरगुती काटा मी काही महिने नियमित वापरला आणि त्याच्या जोडीला कॅलिपर (त्वचेच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा), शिंप्याची टेप व एकदा डेक्सा ही क्ष-किरण तपासणी हेही करून पाहिले. वजनाबद्दल काट्याविषयी तक्रार नाही. चरबी मात्र तो मोजत नाही, तिचा अंदाज बांधतो, आणि तो कसा बांधतो हे कळल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

उघड्या तळव्यांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडून काटा शरीराचा विरोध मोजतो. स्नायूंत पाणी भरपूर असल्याने प्रवाह सहज जातो, चरबीत अडतो. या विरोधाला उंची, वजन, वय आणि स्त्री की पुरुष ही माहिती जोडून एका सूत्रातून टक्केवारी निघते. ॲपमध्ये मी वय दहा वर्षांनी वाढवून पाहिले, तर त्याच सकाळी त्याच शरीराची चरबी वाढलेली दिसली. ‘खेळाडू’ हा पर्याय निवडताच ती झपाट्याने उतरली. तांब्याभर पाणी पिऊन लगेच उभे राहिल्यास तेही बहुतांशी चरबीच्या खात्यात जमा होते, कारण वजन वाढते पण पायांचा विरोध तेवढाच राहतो. शिवाय प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, त्यामुळे ज्या पोटासाठी आपण हा खटाटोप करतो, त्याची दखल जेमतेमच घेतली जाते.

कॅलिपर स्वस्त आहे, पण हात बसावा लागतो. डर्निन आणि वोमर्स्ली या संशोधकांच्या 1974 च्या पद्धतीत दंडाची पुढची व मागची बाजू, खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडावर अशा चार जागी त्वचेची घडी धरतात. पाठीमागची घडी स्वतःला धरता येत नाही, त्यासाठी घरातले कोणीतरी लागते, आणि दर वेळी तीच व्यक्ती हवी. घड्यांच्या बेरजेवरून टक्केवारी सांगणारी त्यांची कोष्टके स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या लोकांवरून बनलेली असल्याने मी टक्केवारीच्या फंदात न पडता चार घड्यांची मिलिमीटरमधील बेरीजच लिहून ठेवतो.

ती कोष्टके आपल्याकडच्या शरीरांना लागू पडतील का, ही शंका अनाठायी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के.

डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी हाड, चरबी आणि उरलेले मऊ ऊतक वेगळे काढतात. किरणांची मात्रा अत्यल्प असते. माझा तेथील आकडा काट्यापेक्षा बराच जास्त आला. डेक्साही निर्दोष नाही, यंत्र बदलले की आकडा थोडा बदलतो, पण चरबी धडावर किती आणि हातापायांवर किती हे ती दाखवते.

आता काट्यावर मी सकाळी शौचानंतर, काहीही खाण्यापिण्यापूर्वी उभा राहतो आणि आठवड्याच्या सरासरीपलीकडे काही पाहत नाही. पोटासाठी बेंबीच्या पातळीवर धरलेली टेप जास्त कामाची ठरली. निव्वळ चरबीच्या आकड्यासाठी या काट्याचे जास्तीचे पैसे मी पुन्हा मोजणार नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी तर असा काटा वापरूच नये.