ओव्हरक्लॉकिंगच्या नावाखाली माझे साडेसात हजार गेले, तुमचे जाऊ नयेत

परभणीत माझं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. वर पत्रे, आत एक पंखा. गेल्या डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरातल्या एका दुकानातून नवा कॉम्प्युटर घेतला, रायझन 5 3600 प्रोसेसरचा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. दुकानदार म्हणाला, "भाऊ, 4.3 गिगाहर्ट्झवर ओव्हरक्लॉक करून देतो, रेंडर झटक्यात होईल." ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणं, गिगाहर्ट्झ हे त्या वेगाचं माप, आणि रेंडर म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल बनणं. त्याचे साडेचार हजार आणि "मोठ्या टॉवर कूलर"चे, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या उंच कूलरचे, तीन हजार वेगळे घेतले. एसी लावलेल्या दुकानात मिनिटभर टेस्ट चालवून स्क्रीनवरचा 46 अंश तापमानाचा आकडा दाखवला. मी मोबाइलवर त्याचा फोटोही काढला. हाच फोटो पुढे कामी आला.

हिवाळा निभावला. एप्रिलात लग्नसराई ऐन भरात असताना रेंडर अर्ध्यावर बंद पडायला लागलं. परभणीचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पारा 42-43 वर जातो आणि पत्र्याखाली तर विचारू नका. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "उन्हाळ्यात सगळ्यांचेच गरम होतात. तुमच्याकडची लाइटच खराब असेल." अक्षय तृतीयेच्या आठवड्यात दोन घरचे व्हिडिओ वेळेवर देता आले नाहीत. त्या माणसांसमोर उभं राहताना काय वाटलं, ते मला माहीत.

माझा भाचा नांदेडला इंजिनिअरिंग करतो. त्याने येऊन कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला. "मामा, हा टॉवर कूलर नाही. प्रोसेसरच्या डब्यात फुकट येतो तो बुटका पंखा आहे हा." फोटो बघून म्हणाला, 46 हा आकडा मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे पार्ट बसतात त्या मुख्य पाटीच्या, सेन्सरचा आहे, प्रोसेसरचा नाहीच. रेंडर लावून खरा आकडा पाहिला, तर दोन मिनिटांत 95. तिथे पोचला की हा प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग पाडतो. म्हणजे पैसे देऊन वाढवलेला वेग दुपारी मला मिळतच नव्हता.

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरचं व्होल्टेज 1.4 वर पक्कं बांधून ठेवलेलं होतं. भाच्याने कागदावर मांडून दाखवलं ते प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 4 गिगाहर्ट्झ 1.2 व्होल्टवर चालत असेल आणि तुम्ही 4.3 ला 1.4 व्होल्ट दिले, तर वेग वाढतो साडेसात टक्के आणि उष्णता ढोबळमानाने 46 टक्के. तासाभराच्या रेंडरमागे वाचतात चार मिनिटं. त्यात खोलीचं तापमान जितकं चढतं, जवळपास तितकंच प्रोसेसरचंही चढतं. संभाजीनगरातल्या एसीत जमलेला हिशेब परभणीच्या मे महिन्यात टिकणार कसा?

सतत जास्त व्होल्टेज आणि उष्णता सोसून प्रोसेसर झिजलाही. आता 4.3 वर तो धरतच नाही, हँग होतो. मर्यादेबाहेर चालवून झालेलं नुकसान कंपनी वॉरंटीत धरत नाही, हे दुकानदाराने घेताना सांगितलं नव्हतं.

आम्ही खरा टॉवर कूलर आणून बसवला आणि प्रोसेसर 4 गिगाहर्ट्झ, 1.2 व्होल्टवर ठेवला. भर दुपारी रेंडरला 80 च्या आत राहतो आणि व्हिडिओ आधीपेक्षा लवकर निघतो.

कोणी ओव्हरक्लॉक केलेला कॉम्प्युटर विकत असेल, तर अर्धा तास पूर्ण लोडवर चालवायला लावा, एसी बंद करून. सीपीयूचं (म्हणजे प्रोसेसरचं) तापमान आणि व्होल्टेज दोन्ही बघा. कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा तिथेच उघडायला सांगा. बिलावर प्रत्येक पार्टचं मॉडेल लिहून घ्या. माझ्या कच्च्या पावतीवर फक्त "कॉम्प्युटर सेट 1 नग" आहे, म्हणून कूलरचं सिद्ध करणं जड जातंय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोटोसकट तक्रार दिली आहे. दुकानदार आता माझा फोन उचलत नाही.