हॉट रॉडच्या इंजिनाला वाइंडिंगची तार: एक उन्हाळा, एक पावसाळा उलटल्यावर

१/२५ मापाच्या १९३२ फोर्ड हॉट रॉडच्या (वेगासाठी बदल केलेली जुनी गाडी) प्लास्टिक मॉडेलच्या इंजिनाला प्लग वायर म्हणून, म्हणजे स्पार्क प्लगपर्यंत वीज नेणारी वायर म्हणून, मी मोटार रिवाइंडिंगची तांब्याची तार लावली. सांगलीचा एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा मॉडेलने उघड्या फळीवर काढलाय, तेव्हा काय टिकलं आणि काय नाही हे आता खात्रीने लिहिता येईल. मत आधीच सांगते: प्लग वायरसाठी याहून चांगली वस्तू मला मिळालेली नाही, आणि सांगली-मिरजेत ती आणायला कुरिअरची वाट बघावी लागत नाही.

हॉट रॉडला बहुतेक वेळा बॉनेट नसतंच. इंजिन उघडं असतं आणि बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते. फोर्डने १९३२ साली या गाडीत २२१ घनइंचाचं, ६५ अश्वशक्तीचं फ्लॅटहेड व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) दिलं. १९५५ मध्ये शेवरलेचं २६५ घनइंचाचं स्मॉल ब्लॉक नावाचं व्ही-८ इंजिन आलं आणि हॉट रॉडवाल्यांनी फोर्डच्या चासीत शेवरलेचं इंजिन बसवायचा सपाटा लावला. माझ्या किटमध्येही शेवरलेचंच इंजिन आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

खऱ्या गाडीतली प्लग वायर ७ किंवा ८ मिलिमीटर जाड असते. भागिले २५ केलं की ०.२८ ते ०.३२ मिलिमीटर. एसडब्ल्यूजी ३० गेजची तार ०.३१५ मिलिमीटर भरते, म्हणजे हिशोब जवळपास तंतोतंत जुळतो. गेज विचारताना एसडब्ल्यूजी (ब्रिटिश माप) की एडब्ल्यूजी (अमेरिकन माप) हे स्पष्ट करा, कारण एडब्ल्यूजीचं ३० गेज ०.२५५ मिलिमीटरच असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जी रंगीत, बारीक वायर-रॅपची तार मिळते, ती दिसायला मोहक आहे, रंगवायचीही कटकट नाही. पण आवरणासकट ती साधारण अर्धा मिलिमीटर होते. खऱ्या मापात साडेबारा मिलिमीटर, म्हणजे इंजिनावर शेगडीच्या गॅसच्या नळ्या टाकल्यासारखं दिसतं. १/१६ च्या मॉडेलला ती चालेल, १/२५ ला नको.

तार मिळण्याचं म्हणाल तर कृष्णाकाठ म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पंप आणि पंप म्हणजे कधी ना कधी जळालेली मोटार. त्यामुळे रिवाइंडिंगची दुकानं आपल्याकडे शोधावी लागत नाहीत. पंपाला जाड तार लागते, म्हणून ३० गेज मागितलं की दुकानदार मिक्सर-पंख्याच्या कामाच्या रिळांमध्ये शोधतो. तार वजनावर विकतात आणि आपल्याला लागते वीतभर, म्हणून रिळाचं उरलेलं टोक मागावं. जळालेल्या मोटारीतून काढलेली जुनी तार मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिचं एनॅमल, म्हणजे तारेवरचं वार्निशसारखं पातळ आवरण, करपलेलं असतं, वाकवलं की पापुद्रे सुटतात.

नवी तार रंगवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. एनॅमलवर अ‍ॅक्रिलिक रंग नीट धरत नाही. आधी रंगवून मग वाकवली तर वळणावर रंग तडकतो. आधी वाकवायची, बसवून बघायची, काढून प्रायमर द्यायचा, मग काळा रंग. या क्रमाने केलेल्या वायरींचा रंग उन्हाळाभर कुठेही सुटलेला नाही.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. आठ वायरी डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) कशाही काढून आठ प्लगांना लावल्या तरी फोटोत बरं दिसतं. पण इंजिन जाणणारा माणूस दोन मिनिटांत ओळखतो. स्मॉल ब्लॉकचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे. चालकाच्या बसण्याच्या जागेवरून पाहिलं तर डाव्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूला २, ४, ६, ८. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग, रोटर, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर, म्हणजे कॅपवर, त्याच दिशेने या क्रमाने वायरी लावत जायचं. यात ५ आणि ७ पाहा. दोन्ही सिलिंडर एकाच बाजूला शेजारी-शेजारी आणि ठिणगीही एकामागोमाग एक. या दोन वायरी लांबवर समांतर टेकून गेल्या तर एकीतल्या प्रवाहामुळे दुसरीत ठिणगी उमटून ७ नंबर अवेळी पेटू शकतो, म्हणून खरे मेकॅनिक त्या मुद्दाम लांब ठेवतात. मी मॉडेलवरही त्यांच्यात फट ठेवली आहे. एवढीशी फट दिसली की वायरिंगला अर्थ येतो.

कॅपवर आठ भोकं कडेला आणि कॉइलच्या वायरीचं एक मधोमध, अशी नऊ भोकं पाडायची. सर्किट बोर्डसाठीचे (पीसीबीचे) कार्बाइडचे ड्रिल स्वस्त मिळतात, पण पिन-वाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायच्या दांडीत, जराशा तिरक्या दाबाने कटकन मोडतात. हाताने पाडायची असतील तर एचएसएसचे (हाय-स्पीड स्टीलचे) ०.३५ मिलिमीटरचे बिट घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात. आणि हे सगळं इंजिन चासीत बसण्याआधी. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि चालकाच्या मधल्या पत्र्याला, चिकटून असतो. बॉडी चढली की तिथे चिमटासुद्धा पोहोचत नाही.

इंधनाच्या नळीलाही वाइंडिंगचीच तार वापरली, फक्त २८ गेजची. ती ०.३७६ मिलिमीटर आहे आणि खरी नळी ३/८ इंचाची, म्हणजे १/२५ ला ०.३८. पंप इंजिनाच्या उजव्या बाजूला पुढे खाली असतो, तिथून वर कार्ब्युरेटरपर्यंत ती न्यायची. एनॅमल खरवडून तांबं उघडं ठेवलेला तुकडा पावसाळ्यात तपकिरी पडला. एनॅमलसकट लावलेला तुकडा आजही लखलखतो. हीटरच्या नळ्यांना लॅन केबलमधली एक तार आवरणासकट पुरते. रेडिएटरच्या नळीला १६ गेजचं सोल्डर. ते हवं तसं वळतं आणि वळलेलं राहतं. त्यात शिसं असतं, काम झालं की हात धुवा.

थ्रॉटलच्या दांडीला तांब्याची तार कुचकामी आहे, बोट लागलं की वाकते. तिथे मिरजेतून आणलेल्या सतारीच्या पोलादी तारेचा तुकडा लावलाय. सरळ म्हणजे सरळ. फक्त ती नाजूक कटरने कापू नका, धारेला खाच पडते.

रंगाबद्दल थोडक्यात. किटमधले क्रोमचे भाग म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, आणि खरं इनटेक मॅनिफोल्ड असं कधी चकाकत नाही. घरगुती ब्लीचमध्ये तो थर विरघळून निघून जातो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. मग मॅनिफोल्डला मॅट अ‍ॅल्युमिनियम, ब्लॉकला शेवरलेचा नारिंगी, आणि खाचांमध्ये कॅम्लिनचा काळा-तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून. हा वॉश आधीचा रंग पक्का वाळल्यावरच द्यायचा, उघड्या प्लास्टिकवर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारायचं मी टाळते. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते, कारण उडणारं थिनर पृष्ठभाग गार करतं आणि हवेतली वाफ तिथेच बसते.

टिकलं नाही ते एकच: फॅन बेल्ट. काळ्या इलेक्ट्रिकल टेपची बारीक पट्टी कापून लावली होती. एप्रिलच्या उकाड्यात टेपचा गोंद पाझरला, पट्टी पुलीवरून सरकली आणि कडेला धूळ चिकटली. आता काळ्या कागदाची पट्टी फेव्हिकॉलने बसवली आहे, ती जागची हललेली नाही.

सुपरग्लूबद्दल वायरीपुरतं सांगते. क्रोमजवळ तो वापरला की त्याच्या वाफेने पांढरा धुरळा बसतो. सुईच्या टोकावर जेलचा ठिपका घेऊन वायर भोकात बसवली तर हा त्रास होत नाही.

तुमच्या किटमध्ये फ्लॅटहेड असेल तर तारेची मापं हीच वापरा, पण वायरींचा मार्ग बदलतो. त्याचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या टोकाला असतो आणि फायरिंग ऑर्डर १-५-४-८-६-३-७-२. किटमधल्या कागदावर हे सहसा छापलेलं नसतं.