'२० दिवसांत आयटीआय' : माझे ३८ हजार कसे गेले

१८ वर्षं सुतारकाम करतोय. वडिलांच्या हाताखाली रंधा धरायला शिकलो, पुढे पुण्यात साइटवर सेंट्रिंग, दारं-चौकटी, किचन ट्रॉल्या सगळं केलं. शाळा मात्र नववीतच सुटली. मस्कतच्या एका कामाची बातमी नाक्यावर आली. पगार बरा, पण आयटीआयचं सर्टिफिकेट पाहिजे.

ते मिळवून देणारा दोन दिवसांत भेटला. तालुक्याच्या गावी एका गाळ्यात त्याची 'इन्स्टिट्यूट'. "भाऊ, तुमच्या हातात कला आहे, फक्त कागद नाही. तो सरकारमान्य कागद आम्ही देतो." २० हजार आधी, १८ हजार कागद हातात आल्यावर. जीपेवर नाव आलं भलत्याच बाईचं. पावती मागितली तर म्हणाला, "सर्टिफिकेट हीच पावती."

परीक्षा ४० मिनिटांची, उत्तरं फळ्यावर लिहिलेली. मग बॅनरपुढे उभं करून माझ्या हातात रंधा दिला आणि फोटो काढला. रंध्याला पातंच नव्हतं! मी हसलो, तोही हसला.

कागद देखणा होता. सोनेरी शिक्का, अशोकस्तंभ, एनसीव्हीटी म्हणजे केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेची अक्षरं. बायकोने लॅमिनेट करून आणला, ते ६० रुपये वेगळेच. मस्कतला पाठवणाऱ्या एजंटने त्यावरचा रोल नंबर सरकारी पोर्टलवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. अशी नोंदच नाही. गाळ्यावर गेलो तर कुलूप, फोन बंद.

सरकारी आयटीआयतल्या शिल्पनिदेशकांनी चष्मा वर करून एकदाच पाहिलं. "यावर कालावधी दोन वर्षं लिहिलाय. कार्पेंटरचा ट्रेड एक वर्षाचा असतो हो." एवढी साधी चूक, आणि मला कळली नाही. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, "न शिकता कागद घ्यायला गेलातच कसे?" काय सांगणार? तो कागद कुठे खपवला असता तर गुन्हा माझ्यावरच होता.

काम येणाऱ्यासाठी आरपीएल असतं, हे निदेशकांकडूनच कळलं. आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत त्याला फी नाही. ते आयटीआयच्या तोडीचं नाही, पण खरं आहे. अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून ट्रेडची परीक्षाही देता येते, फक्त अनुभवाचा दाखला लागतो. घोडं अडतं ते इथे. मुकादमाच्या वहीत माझं नुसतं पहिलं नाव आणि हजेरीच्या रेघा. १८ वर्षांत सहीशिक्क्याचं एक चिटोरं कुणी दिलं नाही. ठेकेदार म्हणतो, "आज दाखला मागतोस, उद्या पीएफ मागशील." हा दाखला सहज मिळत असता तर त्या गाळ्याची पायरी कोण चढलं असतं?

तुम्हाला असा कुणी भेटला तर पैसे देण्याआधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्याचा रोल नंबर मागा आणि स्वतः पोर्टलवर टाकून बघा. परदेशी पाठवणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का तेही पाहा. त्याला ३० हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ऑनलाइन पैसे गेले तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपोटी दोन महिने गप्प बसलो.

सध्या दाखल्यासाठी जुन्या मालकांची दारं धरलीत. एक जण कबूल झाला. म्हणाला, "लेटरहेड नाही रे माझ्याकडे. तूच कुठून तरी छापून आण, मी सही ठोकतो."