११ केव्हीचा फ्यूज: डीओ की एचआरसी?

गावाकडच्या डीपीवर दिसतो तो डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज. तार वितळली की नळी खाली लोंबकळते, त्यामुळे कोणता फेज गेला ते जमिनीवरूनच कळतं. स्वस्त, आणि बदलायची फक्त आतली तार. पण ठिणगी विझवणारा तप्त वायू नळीतून जोरात बाहेर पडतो, म्हणून डीओ लावताना कधीही त्याच्या खाली उभं राहू नये. शिवाय एकच फेज गेला तर उरलेल्या दोनांवर शेतातल्या मोटारी जळतात.

एचआरसीत (हाय रप्चरिंग कपॅसिटी, म्हणजे मोठा प्रवाह तोडू शकणारा फ्यूज) चांदीची पट्टी आणि क्वार्ट्झची वाळू बंद नळीत असते. बाहेर ज्वाळा नाही, आणि मोठा शॉर्टसर्किट प्रवाह शिखर गाठण्याआधीच तुटतो. फ्यूज उडाला की त्याच्या टोकातून बाहेर येणारी स्ट्रायकर पिन स्विचला ढकलून तिन्ही फेज तोडते. ती पिन उलट्या बाजूला बसवली तर हे सगळं वाया, म्हणून बाण बघूनच बसवा. एक उडाला तरी तिन्ही बदला.

बंदिस्त सबस्टेशनला मी एचआरसीच निवडेन, उघड्या खांबावर डीओ. मात्र दोन्हींत जीव वाचवते ती एकच शिस्त: परमिट (कामाची लेखी परवानगी) घ्या, एबी स्विच (तिन्ही फेज एकदम तोडणारा खांबावरचा स्विच) उघडून, म्हणजे सप्लाय तोडून, कुलूप लावा, टेस्टरने सप्लाय नाही याची खात्री करा, मग दोन्ही बाजूंना अर्थिंग. एलटी, म्हणजे कमी दाबाच्या बाजूलाही, कारण कुणाचा तरी जनरेटर उलटा सप्लाय देऊ शकतो. आणि डीओत जाड तार कधीच नको. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार ११ केव्हीवर जेमतेम सव्वापाच अँपिअर असतो.