बोलिंग बॉलची तुलना करणारा डेटाबेस: सहा महिने वापरल्यावर

चौथा बॉल घ्यायचं ठरलं तेव्हा नव्या बॉलची यादी उघडण्याआधी मी माझ्याच बॅगेतले तीन बॉल या डेटाबेसमध्ये शोधले. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, रंग वेगळे, नावं एकापेक्षा एक जोरदार. शेजारी शेजारी लावून पाहिले तर आरजी २.४८, २.४९, २.५० (हा आकडा आणि पुढचा डिफरेन्शियल म्हणजे काय, ते खाली सांगते). डिफरेन्शियल तिन्हींचं ०.०५०च्या आगेमागे. कव्हर, म्हणजे बाहेरचं कवच, तिन्हींचं सॉलिड रिअॅक्टिव्ह, तेलात लवकर पकड घेणारं. म्हणजे दोन वर्षांत मी एकच बॉल तीनदा विकत घेतला होता. तिसऱ्या गेमला लेनवर लावलेलं तेल उडालं की मी बॉल बदलायचे आणि तरी तो लवकर वळून थेट हेडपिनवर, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनवर, जायचा, पुढ्यात स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून लांब उभ्या पिना, उरायचा. मी हाताला दोष देत होते. दोष बॅगेचा होता.

एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा डेटाबेस कुणालाही वापरायला सांगेन. पण तो वाचायचा कसा, हे मला हळूहळू कळलं.

आरजी म्हणजे बॉलचं वजन मध्याच्या किती जवळ आहे त्याचं माप. आकडा लहान असेल तर बॉल लवकर गडगडायला लागतो, मोठा असेल तर आधी लांब घसरतो. डिफरेन्शियल सांगतं की बॉल फिरताना किती फ्लेअर होईल, म्हणजे प्रत्येक फेरीला तेल न लागलेला नवा भाग लेनला किती टेकेल. नियमाप्रमाणे आरजी २.४६ ते २.८० इंचांत हवा आणि डिफरेन्शियल ०.०६०च्या वर जाता कामा नये. ही हद्द डोक्यात ठेवली की २.४९ आणि २.५० मध्ये रात्रभर तुलना करत बसायचा मोह सुटतो. तेवढा फरक माझ्या हातून पडणाऱ्या बॉलमध्ये दिसत नाही. २.४८ आणि २.५६ मधला दिसतो.

‘हुक स्कोअर’चा, म्हणजे बॉल किती वळेल याच्या गुणांचा, रकाना मी बघतच नाही. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी, मग एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवून काय कळणार?

मी सगळ्यात आधी बघते तो रकाना फिनिशचा, म्हणजे कव्हर किती घासलेलं किंवा गुळगुळीत आहे त्याचा. कोअर, म्हणजे आतला गाभा, कितीही भारी असो, लेनला टेकतं ते कव्हर. पण इथे दिलेलं फिनिश डब्यातून काढलेल्या नव्या बॉलचं असतं. माझ्या सगळ्यात जुन्या बॉलपुढे २००० ग्रिट (आकडा जितका लहान, तितकं कव्हर खरखरीत) लिहिलंय आणि हातातला बॉल मात्र लेनवर घासून घासून आरशासारखा झाला होता. एका संध्याकाळी १००० ग्रिटचं ओलं पॅड घेऊन मी तो सगळ्या बाजूंनी सारखा घासला. निळसर पाणी ओघळून टॉवेलवर डाग पडले आणि बोटांना मखमलीसारखा खरखरीतपणा लागायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याच बॉलने तेलातून लवकर पकड घेतली. म्हणून फिनिशचा आकडा वाचताना आपला बॉल आज कसा आहे, ते हात लावून बघायचं.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. मी चौदा पौंडांचा बॉल टाकते. डेटाबेस उघडला की वजनाच्या खान्यात पंधरा असतं. चौदा निवडलं तरी दुसरा बॉल उघडताच ते गुपचूप परत पंधरावर जातं. मी एक पर्ल बॉल, म्हणजे सॉलिडपेक्षा उशिरा वळणाऱ्या चमकदार कव्हरचा, जवळजवळ नक्की केला होता, डिफरेन्शियल ०.०४०. ड्रिलिंग करून देणाऱ्या काकांना दाखवला. त्यांनी विचारलं, “ताई, तुम्ही चौदाचा घेता ना? मग हे आकडे तुमचे नाहीत.” खाना बदलून पाहिला तर ०.०३१. बॉलचा आकार सगळ्या वजनांत तोच ठेवावा लागतो, म्हणून वजन कमी करताना आतलं भरण हलकं करतात किंवा कोअरच बदलतात, आणि आकडे सरकतात. हलक्या बॉलमध्ये तर अनेकदा कोअर अगदीच साधा असतो. बारा-तेरा पौंडवाल्यांनी हा खाना दोनदा तपासावा.

पूर्वी अशी चूक थोडीफार सावरता यायची. एक जादा भोक पाडून डिफरेन्शियल वाढवता येत होतं. १ ऑगस्ट २०२० पासून युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या नियम ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने ते बॅलन्स होल बंद केलं. आता कोअर निवडतानाच बरोबर निवडावा लागतो, आणि म्हणून मला असा डेटाबेस आधीपेक्षा जास्त गरजेचा वाटतो. पण डेटाबेसने जुन्या बॉलच्या पानांवरचे त्या भोकासकटचे लेआउट, म्हणजे भोकं कुठे पाडायची त्याचे आराखडे, तसेच ठेवलेत, ते काढायला हवेत. नवीन माणूस फसेल.

शेवटी तोच पर्ल घेतला. चौदा पौंडांत ०.०३१ हेच मला हवं होतं, हे माझ्या तिघांच्या शेजारी ठेवल्यावर दिसलं. आरजी २.५६, कोअर सिमेट्रिक (सगळीकडून सारखा), वरून पॉलिश. परत आलेला बॉल पुसताना आता फ्लेअरमुळे उमटलेल्या तेलाच्या रिंगा नीट बघते. जुन्या बॉलवर त्या चांगल्या चार-पाच बोटं पसरायच्या, यावर दोन-अडीच बोटांत मावतात. तिसऱ्या गेमला तो लेनचा सुका भाग शांतपणे ओलांडतो आणि मागे जाऊन वळतो. मला उभं राहायची जागाही फारशी बदलावी लागत नाही.

जुन्या तिघांतला एक मैत्रिणीला दिला. त्याआधी तिची बॅग डेटाबेसमध्ये टाकून पाहिली. तिच्याकडे सगळे पर्ल होते, सॉलिड एकही नाही. काकांनी भोकं बुजवून तिच्या बोटांच्या मापाने पुन्हा पाडून दिली आणि गेल्या आठवड्यात ताज्या तेलावर तिने तो पहिल्यांदा टाकला.