आल्डवर्थचं 'द बेल': एकाच घराण्याने सांभाळलेला पब

इंग्लंडातल्या रेडिंग शहराच्या आसपास मराठी मंडळी पुष्कळ आहेत. पण पब म्हटला की स्टेशनजवळचा, मोठ्या टीव्हीवर फुटबॉल चाललेला आणि मेनूत चिकन टिक्का असलेला, इथेच आपली धाव संपते. गेल्या हिवाळ्यापासून मी अधूनमधून बर्कशायरमधल्या आल्डवर्थ गावच्या 'द बेल इन'मध्ये जातोय. पहिल्या भेटीत भारावून लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून थांबलो. आता लिहायला हरकत नाही.

हा पब एकाच घराण्याकडे अडीचशे वर्षांहून अधिक काळ आहे. म्हणजे आपल्याकडे पेशवाई होती, तेव्हापासून हीच मंडळी इथे बिअर विकतायत. आडनाव मेकॉले. शाळेत इतिहास शिकलेला मराठी माणूस हे नाव ऐकून जरा थबकतोच, पण इथले मेकॉले फक्त 'काय घेणार?' एवढंच विचारतात. इमारत तर घराण्याहूनही जुनी, मध्ययुगातली.

आत गेल्यावर बार शोधू नका, काउंटरच नाही. काचेच्या सरकत्या तावदानांची एक खिडकी आहे. तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आणि ग्लास हातात घ्यायचा. रेल्वेच्या जुन्या तिकीटखिडकीसारखा प्रकार. त्यामुळे गर्दीच्या वेळीही मागे कोण, पुढे कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठेंगणं छत, लाकडी तुळया, भिंतीलगत बाकडी, मोठी शेकोटी. आणि एक घड्याळ, ज्याला काटा एकच आहे. तासाचा. दोन आकड्यांच्या मध्ये तो कुठे आहे ते बघून पाव तास, अर्धा तास असा अंदाज बांधायचा. 'सहा बावीसची गाडी' वगैरे भानगड या घड्याळाला मान्य नाही. मोबाइल वापरायला मनाई आहे, संगीत नाही, जुगाराची यंत्रं नाहीत. मला सुरुवातीला चुळबुळ झाली. आता शेजारचा म्हातारा कुत्र्याशी काय बोलतो ते ऐकण्यात वेळ जातो.

हे सगळं टिकलं कसं, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडात पबच्या 'लँडलॉर्ड'ला आपण मालक समजतो, पण बऱ्याचदा तो स्वतःच भाडेकरू असतो. जागा दारूभट्टीच्या कंपनीची असते आणि माल तिच्याकडूनच, ती म्हणेल त्या भावाने घ्यायचा. ही पकड सोडवायला सरकारने १९८९ मध्ये नियम आणले आणि २,००० हून अधिक पब असलेल्या बिअर-कंपन्यांना त्यावरच्या निम्म्या पबांना या बंधनातून मोकळं करायला लावलं. बड्या कंपन्यांनी हजारो पब विकले, पण ते गेले नव्या पब-कंपन्यांकडे, म्हणजे बिअर न बनवता फक्त पब भाड्याने देणाऱ्यांकडे. भाडेकरू होता तिथेच राहिला. आमच्या गल्लीच्या टोकाला असाच एक पब आहे. मी राहायला आल्यापासून तिथे बरेच गडी आले. प्रत्येक जण रंग बदलतो, मेनू बदलतो आणि निघून जातो.

'बेल' कोणत्याही कंपनीला बांधलेला नाही. म्हणून खिडकी खिडकीच राहिली आणि जेवणाचा हॉल करा म्हणून वरून फर्मान आलं नाही. अस्सल बिअरसाठी झगडणाऱ्या 'कॅमरा' या संघटनेने १९९० मध्ये याला देशातला सर्वोत्तम पब ठरवलं आणि २०१९ साठी पुन्हा तोच मान दिला. तो निकाल २०२० च्या फेब्रुवारीत लागला आणि मार्चमध्ये कोविडमुळे देशभरचे पब बंद झाले. वाजतगाजत वरात यावी आणि मांडवालाच टाळं लागावं, तसं झालं.

पिण्याचं म्हणाल तर मी 'आर्केल्स थ्रीबी' या बिअरवर स्थिरावलोय. चार टक्के अल्कोहोलची, स्विंडनच्या आर्केल घराण्याची. तीही मंडळी १८४३ पासून या धंद्यात. तळघरात असते तेवढीच गार मिळते, बर्फासारखी नाही. आपल्याकडच्या चिल्ड बिअरची सवय असेल तर पहिला घोट कोमट वाटेल. अर्धा पाइंट घेऊन बघा. खायला गरम, कुरकुरीत रोल. शाकाहारी माणसाने चीजवर भागवायचं. साग्रसंगीत जेवणाच्या अपेक्षेने जाऊ नका, घरून पोटभर नाश्ता करून निघा. सोमवारी बंद, इतर दिवशीही दुपारी काही तास बंद. पुणेकरांना यात नवं काही नाही.

गावातलं सेंट मेरी चर्चही चुकवू नका. तिथे दि ला बेश या एकाच सरदार घराण्याचे चौदाव्या शतकातले नऊ दगडी पुतळे आहेत, 'आल्डवर्थचे राक्षस' म्हणून प्रसिद्ध. सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात संसदेच्या बाजूने लढणाऱ्या क्रॉमवेलच्या सैनिकांनी ते बरेच फोडले, असं सांगतात. ते घराणं कधीच संपलं. पबवाल्यांचं चालू आहे.

जायचं कसं: रेडिंगहून गाडीने गोरिंगला उतरा, टेम्सचा पूल ओलांडून स्ट्रीटली, आणि तिथून चढ चढत पायी. रमतगमत दीड तास धरा. पावसाळी दिवस असेल तर चिखलाचे बूट हवेतच. दुपारी बंद होण्याआधी पोचायचं, तर सकाळी साडेनऊच्या आत घराबाहेर पडा.